वादळात शिरणारी राखीव पलटण : अमेरिकेच्या ५३ व्या हवामान टेहळणी स्क्वाड्रनची गोष्ट

खारावारा | रात्री ११:२०

गेल्या काही वर्षांत मला एक खोड लागली आहे. अटलांटिकमध्ये हरिकेनचा मोसम सुरू झाला की झोपायच्या आधी विमानांचा थेट नकाशा उघडायचा आणि 'टील' हे संकेतनाम कुठं दिसतंय का ते शोधायचं. बाकीची झाडून सगळी विमानं वादळाला लांबून वळसा घालून चाललेली असतात. मेक्सिकोच्या आखातावर भलामोठा रिकामा डाग पडलेला असतो. त्या डागात हे एकच विमान मधोमध आरपार जातं, वळतं, पुन्हा आरपार. नकाशावर हळूहळू फुली उमटते.

हे विमान ५३ व्या हवामान टेहळणी स्क्वाड्रनचं. तळ किस्लर, बिलॉक्सी, मिसिसिपी. लोक त्यांना 'हरिकेन हंटर्स' म्हणतात. हे सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की ही स्क्वाड्रन अमेरिकन हवाईदलाच्या रिझर्व्हमध्ये आहे. म्हणजे राखीव. मुख्य फौज कमी पडली तर बोलवायची ती माणसं. आणि इथं तर मुख्य फौज नाहीच! चालू वादळात नेमानं शिरायचं काम अख्ख्या अमेरिकन सैन्यात ही एकटी तुकडी करते. हे असं कसं झालं ते शोधत गेलो, त्यातून हा धागा.

सुरुवात एका पैजेपासून. २७ जुलै १९४३, टेक्सासमधला ब्रायन फील्ड तळ. जोसेफ डकवर्थ तिथं वैमानिकांना बाहेरचं काही न दिसता नुसत्या उपकरणांच्या भरवशावर विमान चालवायला शिकवत असे. गॅल्वेस्टनकडं वादळ येत होतं. तळावरची एटी-६ ही सरावाची विमानं हलवायची भाषा सुरू झाली, तशी शिकायला आलेल्या ब्रिटिश वैमानिकांनी खोडी काढली, की तुमची विमानं भारीच नाजूक दिसतात. डकवर्थनं एका पेल्यावर पैज मारली. रॅल्फ ओहेअर या नॅव्हिगेटरला मागं बसवलं, वरिष्ठांना विचारायच्या भानगडीत पडला नाही, आणि एका इंजिनाचं ते विमान सरळ वादळात घातलं. ते इंजिन बंद पडलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. कुत्र्यानं तोंडात काठी धरून झटकावी तशी आपली गत झाली, असं ओहेअरनं नंतर सांगितलं. वादळाच्या मधल्या शांत भागात, म्हणजे डोळ्यात, पोचले तेव्हा वर उजेड आणि खाली टेक्सासची जमीन.

परत आल्यावर मला जास्त आवडलेला भाग घडला. तळाचा हवामान अधिकारी विल्यम जोन्स-बर्डिक धावपट्टीवर आला आणि म्हणाला, मलाही न्या. डकवर्थनं ओहेअरला उतरवलं, त्याला चढवलं आणि त्याच दिवशी त्याच वादळात दुसऱ्यांदा गेला. पैज पहिल्या फेरीतच जिंकली होती. माझ्या मते या कामाचा इतिहास दुसऱ्या फेरीपासून सुरू होतो, कारण या वेळी मागं बसलेला माणूस हवा वाचायला गेला होता.

खाली जमिनीवर मात्र लोक बेसावध होते. जर्मन पाणबुड्यांच्या धास्तीनं जहाजांचे रेडिओ गप्प होते, इशारेसुद्धा सेन्सॉरमधून पार पडून यायचे. १९ माणसं गेली.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९४४ मध्ये, आजची ५३ वी जन्माला आली. जन्मस्थान न्यूफाउंडलंडमधलं गँडर. तेव्हा काम हरिकेनचं नव्हतं, युरोपकडं निघालेल्या विमानांच्या वाटेवरची हवा बघायची एवढंच. 'हरिकेन हंटर्स' हे नाव १९४६ चं. मग बर्म्युडा, इंग्लंड, प्वेर्तो रिको अशी वणवण आणि १९७३ पासून किस्लर. विमानंही बदलत गेली: बी-१७, बी-२९, बी-५० ही बॉम्ब टाकायला बांधलेली, नंतर सी-१३० हे मालवाहू.

आता रिझर्व्हचं. १९७६ मध्ये किस्लरलाच रिझर्व्हची एक हवामान तुकडी उभी राहिली, ८१५ वी. म्हणजे एकाच तळावर नेहमीची ५३ वी आणि राखीव ८१५ वी, दोघीही वादळात जाणाऱ्या. शीतयुद्ध संपलं, खर्चाला कात्री लागली आणि हवाईदलानं ३० जून १९९१ ला ५३ वी मोडीत काढली. उपग्रह आहेत की, आता विमानं कशाला, असा सूर होता. किनाऱ्यावरच्या राज्यांचे खासदार हे ऐकून घेणार थोडेच! अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, हे काम रिझर्व्हकडं चालू ठेवायला लावलं. दुसऱ्याच मोसमात, ऑगस्ट १९९२ मध्ये, अँड्र्यू हे हरिकेन फ्लोरिडावर आदळलं. त्यात शिरणारी हवाईदलाची विमानं राखीव माणसांची होती. १ नोव्हेंबर १९९३ ला ५३ व्या स्क्वाड्रनचं नाव आणि निशाण पुन्हा जिवंत केलं गेलं, पण या वेळी रिझर्व्हमध्ये. तेव्हापासून तिथंच आहे.

आज त्यांच्याकडं १० डब्ल्यूसी-१३०जे विमानं आणि २० कर्मचारी-संच आहेत. त्यातले १० पूर्णवेळ, १० अर्धवेळ. अर्धवेळवाले एरवी दुसऱ्या नोकऱ्या करतात. वादळ आलं की गणवेश.

बाकी प्रतिसादांत. चुका दाखवाव्यात.

---

चहाबाज | ११:४१

पहिला! शीर्षक वाचून वाटलं आमच्या सोसायटीच्या कमिटीवर धागा आहे. मस्त लिहिलंय, पण विमान आत जाऊन करतं काय ते कुठाय?

---

शंकेखोर | ११:५५

लेख छान. पण १९९१ मध्ये जो प्रश्न विचारला गेला तो मला आजही रास्त वाटतो. उपग्रहातून डोळा दिसतो, ढगांचं तापमान कळतं. मग पाच माणसांचा जीव टांगणीला लावून आत जायची हौस का? आणि तीही हौशी लोकांकडून? राखीव म्हणजे आपल्या भाषेत बदली कामगारच ना.

---

उंबरठा | ००:१०

@शंकेखोर, उपग्रह वरून ढगांचा माथा बघतो. जोर किती ते ढगांच्या आकारावरून आणि तापमानावरून ठरवायचं, त्याला ड्वोराक पद्धत म्हणतात. पद्धत उत्तम आहे, मी ती शिकवते. पण हे चेहऱ्यावरून ताप सांगण्यासारखं आहे. बहुतेक वेळा बरोबर येतं. चुकतं तेव्हा कसं चुकतं त्याचं उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २०२३, ओटिस, मेक्सिकोचा पॅसिफिक किनारा. २४ तारखेला दुपारी विमान आत गेलं तेव्हा वादळ उपग्रहाच्या अंदाजापेक्षा बरंच तगडं निघालं. त्याच रात्री ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत जाऊन अकापुल्कोवर धडकलं. मॉडेल्सना याचा पत्ताच नव्हता. ते विमान गेलं नसतं तर जो काही तासांचा इशारा मिळाला तोही मिळाला नसता.

चहाबाज, आत काय करतात ते थोडक्यात. साधारण १० हजार फुटांवरून वादळात शिरायचं, केंद्रातून पार जायचं, १०५ सागरी मैल पुढं जाऊन वळायचं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा केंद्रातून. नकाशावर दिसणारी फुली ती हीच. केंद्रात ड्रॉपसॉन्ड, म्हणजे खाली पडता पडता हवा मोजणारं छोटं यंत्र, सोडतात. शिवाय पंखाखाली एक सूक्ष्मलहरी मापक असतो. जोरदार वाऱ्यानं समुद्रावर फेस होतो, त्या फेसातून येणाऱ्या लहरी मोजून तो पृष्ठभागावरचा वारा सांगतो. एका मोहिमेला दहा-अकरा तास सहज लागतात.

---

पुष्पक | ००:२२

बाळबोध प्रश्न. २०० किलोमीटरचा वारा घरांची छपरं उडवतो, मग विमान मोडत कसं नाही? खास मजबूत केलेलं असतं का?

---

खारावारा | ००:४०

@पुष्पक, मलाही तेच वाटायचं. खास मजबुती वगैरे काही नाही, सामान वाहणाऱ्या सी-१३० चाच सांगाडा. नदीच्या धारेत सोडलेली होडी धारेबरोबर जाते, धार कितीही जोराची असो. घर जमिनीला बांधलेलं म्हणून मोडतं. आडवा वारा विमानाला नुसता बाजूला नेतो. वैमानिक नाक जरा वाऱ्याकडं वळवून तिरका चालतो. घात करतात ते वर-खाली जाणारे झोत आणि वाऱ्याचा अचानक बदल. ते डोळ्याच्या भिंतीत, म्हणजे डोळ्याभोवतीच्या ढगांच्या कड्यात असतात. भिंत ओलांडायला काही मिनिटं, आणि तीच मिनिटं महत्त्वाची.

@शंकेखोर, 'बदली कामगार' वाचून हसलो, पण गोष्ट नेमकी उलटी आहे. नेहमीच्या हवाईदलात दर तीन-चार वर्षांनी बदली. वादळ वाचायला शिकतो ना शिकतो तोच माणूस दुसऱ्या तळावर. रिझर्व्हमधला माणूस त्याच गावात घर करून राहतो आणि वीस-वीस वर्षं त्याच स्क्वाड्रनमध्ये असतो. इथं टिकून राहणारे राखीवच आहेत, फिरते ते 'कायम'वाले.

---

जुना खलाशी | ००:५८

एक दुरुस्ती आणि एक पुस्ती.

दुरुस्ती: हरिकेन हंटर्स म्हटलं की नोआ या अमेरिकेच्या हवामान-समुद्राचं काम बघणाऱ्या नागरी संस्थेची दोन पी-३ विमानंही येतात. त्यांची नावं कर्मिट आणि मिस पिगी. ती हवाईदलाची नाहीत, त्यांचं बरंचसं काम संशोधनाचं. तुम्ही 'सैन्यात एकटी' म्हणालात म्हणून वाचलात. :)

पुस्ती: माझी उमर मालवाहू जहाजांवर गेली. पूर्वी वादळाची खबर जहाजं द्यायची. दर काही तासांनी दाब, वारा, लाटा लिहून तारेनं पाठवायचे. गंमत अशी की इशारे जसजसे सुधारले तसतशी जहाजं वादळापासून दूर पळायला लागली. बरोबरच आहे, पण मग आतली खबर देणार कोण? केंद्राजवळ एकही बोट नाही. तुमचं विमान नेमकं ती रिकामी जागा भरतं.

---

खारावारा | ०१:०५

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. आभार. आणि नोआचा विषय काढलाच आहे तर १९८९ चं ह्यूगो सांगायलाच हवं. नोआचं पी-३ विमान अवघ्या १,५०० फुटांवरून आत शिरलं. वादळ अंदाजापेक्षा फार जोराचं निघालं, एका इंजिनाला आग लागली आणि विमान हजार फुटांच्याही खाली घसरलं. कसंबसं डोळ्यात पोचलं. तीन इंजिनांवर घिरट्या घालत वर चढलं, पण बाहेर पडायचं कुठून? चारी बाजूंनी भिंत. तेव्हा हवाईदलाचं 'टील ५७' तिथं आलं. आधी खालून त्या विमानाची मोडतोड पाहिली, मग भिंतीत स्वतः शिरून कुठली बाजू त्यातल्या त्यात मऊ आहे ते तपासलं आणि तिथून वाट दाखवली. सगळे वाचले.

---

शंकेखोर | सकाळी ७:३०

ओटिसचं उदाहरण पटलं. पण वाचलेल्यांच्याच गोष्टी चालल्या आहेत. न वाचलेले?

---

उंबरठा | ८:०५

आहेत. १९५५ मध्ये जॅनेट या हरिकेनमध्ये नौदलाचं नेपच्यून विमान गेलं. ११ जण, त्यात दोन पत्रकार. अटलांटिकमध्ये हरिकेनच्या टेहळणीत गमावलेलं ते एकमेव विमान. बाकीची पॅसिफिकमधली. त्यातलं शेवटचं ऑक्टोबर १९७४ चं, टायफून बेस. (पश्चिम पॅसिफिकमधल्या हरिकेनला टायफून म्हणतात.) विमान डब्ल्यूसी-१३०, संकेतनाम 'स्वान ३८', फिलिपीन्समधल्या क्लार्क तळावरून निघालेलं. सहा जण होते. अवशेष मिळाले नाहीत.

स्वान ३८ हे ५३ व्या नव्हे, ५४ व्या स्क्वाड्रनचं. ती पॅसिफिकमधली भावंड तुकडी, तळ ग्वाम. ऑक्टोबर १९७९ मध्ये टायफून टिपच्या डोळ्यात ८७० मिलिबार हवेचा दाब मोजला तो तिनंच. (दाब जितका कमी तितकं वादळ जोरदार.) समुद्रसपाटीवर मोजलेला जगातला सर्वांत कमी दाब आजही तोच. १९८७ मध्ये ती तुकडी बंद केली आणि पश्चिम पॅसिफिकमधली नियमित हवाई मोजणी थांबली. तिला कुठल्या रिझर्व्हनं उचललं नाही.

---

शंकेखोर | ८:१२

म्हणजे टिपचा विक्रम अजून मोडला नाही, की मोडला तरी कळायची सोय राहिली नाही?

---

उंबरठा | ८:२०

अगदी नेमकं बोललात. २०१३ चं हैयान टायफून घ्या. त्याच्यासाठी ८९५ हा आकडा दिला जातो, पण तो लावलेला अंदाज आहे. आत जाऊन कुणी मोजलंच नाही. उलट २०१५ मध्ये मेक्सिकोजवळच्या पॅट्रिशियाचा ८७२ विमानांनी आत जाऊन केलेल्या मोजणीवर बेतलेला आहे, कारण तिथं ५३ वी जाते. त्यांची हद्द अटलांटिकमध्ये ५५ अंश पश्चिम रेखांशापासून पॅसिफिकमधल्या वाररेषेपर्यंत. रेषेच्या अलीकडच्या वादळाला आकडा मिळतो, पलीकडच्याला अंदाज.

---

गल्फकर | ९:४५

धागा पाहून राहवलं नाही. २००५ मध्ये मी बिलॉक्सीपासून तासाभराच्या अंतरावर राहत होतो. कतरिना वादळ म्हटलं की सगळ्यांना न्यू ऑर्लिन्स आठवतं, पण समुद्र सरळ अंगावर आला तो मिसिसिपीच्या किनाऱ्यावर. किस्लर तळात पाणी शिरलं. २८ ऑगस्टला आखातावर ९०२ मिलिबार मोजून आणणारे हेच लोक, आणि दुसऱ्या दिवशी ते वादळ त्यांच्याच गावावर.

आमच्या ऑफिसमधल्या एकाचा शेजारी त्या स्क्वाड्रनमध्ये लोडमास्टर, म्हणजे विमानातलं सामान सांभाळणारा, होता. नंतर तिकडं गेलो तर त्याच्या घराच्या जागी काँक्रीटचा चौथरा आणि त्यावर तीन पायऱ्या, एवढंच उरलेलं. पायऱ्यांवर कुणीतरी फवाऱ्याच्या रंगानं घर नंबर लिहून ठेवला होता, विमावाल्यांना कळावं म्हणून. तो कुठंय विचारलं तर म्हणे जॉर्जियात. विमानं डॉबिन्स तळावर हलवली होती आणि तो तिथून रीटा या पुढच्या वादळासाठी उडत होता. सप्टेंबर होता, मोसम संपला नव्हता.

---

पुष्पक | १०:१०

तीन पायऱ्या… बापरे.

---

खारावारा | १०:३०

@गल्फकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला विल्मा हे वादळ. त्याची मोजणी मला सगळ्यात भारी वाटते. डोळ्याचा व्यास जेमतेम दोन सागरी मैल. एवढ्याशा भोकात १० हजार फुटांवरून ड्रॉपसॉन्डचं नळकांडं नेमकं सोडायचं. ते थोडं चुकलं. ८८४ मिलिबार मोजले, पण पाण्याला टेकताना तिथं २३ नॉट वारा होता. केंद्रात वारा शांत असायला हवा. म्हणजे नळकांडं बरोबर मध्यावर पडलं नव्हतं. तो वारा धरून तज्ज्ञांनी केंद्राचा दाब ८८२ ठरवला. अटलांटिकचा नीचांक अजूनही तोच आहे. मायामीतल्या हरिकेन केंद्रात ५३ वीची दोन-चार माणसं बसवलेली असतात, विमान आणि अंदाजकर्ते यांच्यामधला दुवा म्हणून. असे आकडे आधी त्यांच्या हातात पडतात आणि तेच ते चाळून घेतात.

---

चहाबाज | ११:१५

हे 'शिकारी' नाव मला खटकतं. शिकारी मारतो. हे आत जातात, मोजतात, बाहेर येतात. वादळाच्या केसालाही धक्का नाही. मराठीत 'वादळशिकारी' नको, 'वादळाचे वैद्य' म्हणा. नाडी बघायची आणि नातेवाइकांना खरं काय ते सांगायचं.

अवांतर: ड्रोन का नाही पाठवत? पैज लावायला तयार आहे, एका कटिंगवर.

---

उंबरठा | ११:४०

पाठवतात. नोआ आपल्या पी-३ मधून छोटे ड्रोन सोडते, २०२२ च्या इयन हरिकेनमध्ये सोडले होते. २०२१ मध्ये सॅम हरिकेनमध्ये बिनमाणसाची शिडाची बोटही गेली होती. समुद्राच्या अगदी लगतच्या थरात, जिथं माणसाचं विमान न्यायची हिंमत होत नाही, तिथं ड्रोन कामाचे. पण ठरल्या वेळी केंद्रातून चार-चार वेळा जाऊन मोजून आणायचं काम अजून माणसांच्या विमानांचंच. कटिंग उधार ठेवा.

---

शंकेखोर | दुपारी १२:०५

अर्धवेळवाल्यांच्या नोकरीचं काय होतं? साहेबाला 'वादळ आलंय, येतो जरा' असं सांगायचं?

---

गल्फकर | १२:३०

जवळपास तसंच. १९९४ चा कायदा आहे, राखीव सैनिक कामावर गेला तर त्याची नोकरी राखून ठेवावी लागते. तरी लहान धंद्यांना जड जातंच. वादळ नोटीस देऊन येत नाही आणि मोसम जून ते नोव्हेंबर, सहा महिन्यांचा. त्यात हल्ली हिवाळ्यातही काम असतं. पॅसिफिकवरून कॅलिफोर्नियाकडं बाष्पाचे लांबच लांब पट्टे येतात, त्यांच्यावर ड्रॉपसॉन्ड सोडायला यांनाच पाठवतात.

---

पुष्पक | १२:५०

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. ते ड्रॉपसॉन्ड दिसतं कसं? आणि पाण्यात पडल्यावर त्याचं काय होतं?

---

खारावारा | १:१५

एका जनता-दिवसाला त्यांचं विमान आतून पाहायला मिळालं होतं, तेव्हा हातात घेतलंय. मी काहीतरी जड, धातूचं असेल म्हणून दोन्ही हात पुढं केले. तर पुठ्ठ्याचं नळकांडं! हातभर लांबीचंही नाही, वजन अर्ध्या किलोच्या आत. एका टोकाला घडी करून बसवलेली छोटी छत्री, दुसऱ्या टोकाला तापमान-आर्द्रतेची बारीक तार. लोडमास्टरच्या जागेजवळ एक उभी नळी असते. तिच्यात हे ठेवायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. विमानातल्या दाबामुळं ते फट्‌कन बाहेर फेकलं जातं. खाली पोचायला सुमारे चार मिनिटं. तेवढ्या वेळात सेकंदाला दोनदा दाब, तापमान, आर्द्रता, वारा वर कळवत राहतं.

पाण्यात पडल्यावर काही नाही, बुडतं. टेकायच्या आधी शेवटी जो दाब पाठवतं तो समुद्रसपाटीचा. मायामीत वाट बघत असतात ती त्या आकड्याची.